वाह्यात

दुसरबीडच्या शेषरावांच्या तोंडात एक शब्द कायम तयार असे: वाह्यात. वडीलधाऱ्यांसमोर कोणी बोडक्या डोक्यानं आला, वाह्यात. शीळ घातली, वाह्यात. पंगत उठायच्या आधी हात धुतला, तोही वाह्यात. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून सरकारनं कायदे बदलले असतील, शेषरावांच्या ओसरीवरचे कायदे मात्र जुनेच होते. गावाला त्यांचा धाक होता आणि शेषरावांना त्या धाकाचा भारी अभिमान.

सून कोकिळा लोणारची, नवीन. एकदा ओसरीवर पाटील आणि दोन सरकारी माणसं बसलेली असताना आतून तिचा आवाज आला, "मामाजी, हरण्या सुटला." बैल खरंच दावं तोडून परसातल्या वांग्यांत शिरला होता. पण चार माणसांत सुनेनं सासऱ्याला हाक मारावी म्हणजे काय? शेषरावांनी बसल्या जागेवरून शब्द फेकला, "वाह्यात." पाटील हसले. त्या दिवसापासून कोकिळा सासऱ्याशी बोलेनाशी झाली. काही सांगायचं असलं, की त्यांची नजर जाईपर्यंत दाराशी उभी राही. पोरगी वळणावर आली, असं शेषरावांना वाटलं. हरण्याला त्यांनी दाव्याऐवजी लोखंडी साखळी घातली.

सुगीत एका दुपारी ते मारुतीच्या पारावर म्हाताऱ्यांबरोबर गप्पा छाटत होते. मुलगा आणि बायको मनकर्णाबाई शेतात गेलेली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पदर ओढून उभी असलेली कोकिळा त्यांना दिसली. एवढ्या माणसांसमोर ही अशी काय उभी राहते, या विचारानं त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी तिच्याकडे पाठ केली.

संध्याकाळी घरी आले, तर गोठ्यात हरण्या मरून पडलेला. साखळीचा पीळ मानेत रुतला होता. दावं असतं तर विळ्यानं कापता आलं असतं. ओढून ओढून कोकिळेच्या हातांची सालटी निघाली होती.

"आवाज काऊन नाही देला?" त्यांनी विचारलं. कोकिळेनं सासूकडे पाहिलं. शेतातून परतल्यावर तिच्याकडून सगळं ऐकलेल्या मनकर्णाबाईनंच उत्तर दिलं.

"आली व्हती पोरगी पारापाशी. तुमीच पाठ फिरवली."

शेषराव गोठ्यातच खाली बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैलाची हळहळ होतीच, पण सुनेचे ते हात त्यांना पाहवेनात. एवढी वर्षं गावाला वाटलेला शब्द आज आपल्याला लागू आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः चुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिनं वर पाहिल्यावर म्हणाले, "आवाज देत जाय, माय. कोणीबी बसलं असो."

कोकिळेनं मान हलवली. पण हाक काही तिच्या तोंडून पुन्हा आली नाही. ती आधीसारखीच दाराशी उभी राहायची.

मग शेषरावांनीच पारावरची जागा बदलली. ते गल्लीकडे तोंड करून बसू लागले. तिथं दुपारनंतरचं ऊन थेट डोळ्यांत येई. इकडं सावलीत सरका, असं कोणी म्हटलं की ते खाली मान घालत, आणि पुन्हा डोळ्यांवर हात धरून गल्लीकडे पाहत बसत.