आत्याच्या गुडघ्यासाठी विरजण

आमच्या आत्याच्या गुडघ्याची गादी झिजली. दुखतं म्हणून तिची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच, की गंगेवरच्या बालाजी घाटाच्या पायऱ्या तिला उतरवत नव्हत्या आणि कार्तिक महिनाभरावर आला होता. कार्तिकातलं गंगास्नान तिनं आजवर चुकवलेलं नाही. बादलीत गंगाजल घालून घरीच आंघोळ कर, असं मी सुचवलं, तर म्हणाली, “तू कर. तू तसाही बादलीतलाच.”

डॉक्टरांनी सांध्यात वंगणाचं इंजेक्शन सुचवलं. “माताजी, गद्दी नई नहीं बनेगी. कुछ महीने आराम मिल सकता है. सबको मिलता भी नहीं.”

“कार्तिक भर चला दीजिए,” आत्या म्हणाली, “पुढचं पुढे.”

इथवर सगळं सुरळीत होतं. पण कुतूहल ही माझी जुनी व्याधी. सकाळपासून मोबाइलवर वाचून मी निम्मा डॉक्टर झालो होतो. “डॉक्टरसाहब, ये मुर्गे की कलगी से बनता है ना?” मी विचारलं. वाटलं, कौतुक होईल.

आत्यानं गुडघ्यावर सरकवलेलं लुगडं झटकन खाली ओढलं. जी चातुर्मासात घरात लसूण शिरू देत नाही, तिच्या गुडघ्यात मी कोंबडा सोडला होता!

“चल घरी. लंगडी राहीन.”

डॉक्टर माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, “कुछ का बनता है, माताजी. ये वाला नहीं. ये तो जीवाणु बनाते हैं. फिर उनको छानकर निकाल देते हैं.”

जीवाणू ऐकून तिचा चेहरा आणखीच कसनुसा झाला. डॉक्टरांनी डोकं खाजवलं. “अरे, जैसे जामन से दही जमता है!”

“म्हणजे विरजण?” तिनं मला विचारलं. मी जोरजोरात मान हलवली. “मग मधे कोंबडं कशाला आणलंस, मेल्या?”

सुई तिच्या गुडघ्यात गेली. “आई गं,” मी म्हणालो.

कार्तिकातल्या पहिल्या पहाटे ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, आडवी आडवी, एकेक पायरी उतरली. पूर्वीसारखी नाही, पण उतरली.

“आत कसं वाटतंय गं? गुळगुळीत?”

“गप. उतरू दे.”

पाण्यात तिनं बुडी मारली. परत चढताना घाटावर मोठ्यानं ‘कट्’ असा आवाज झाला. मी घाबरून तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

“माझा नाही, तुझा,” ती म्हणाली. “उद्या डॉक्टरांना विचारते. याला कोंबड्याचंच द्या म्हणते.”