नाझिब्रोलाचं विरजण

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी नाझिब्रोलाने पातेल्यावरची गोधडी बाजूला केली, झाकण उचललं, तर आत दूधच. दही नाही, नासलेलं दूधही नाही. रात्री ओतलं होतं तसंच पातळ, फक्त गार. तिने बोट घालून पाहिलं आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून झाकण पुन्हा लावून टाकलं.

ती ज्या अंगणात राहायची तिथे नजरेस न पडणं अवघड होतं. तिबिलिसीच्या जुन्या वस्तीतलं ते अंगण; मधे एक नळ, भोवती लाकडी सज्जे, आणि प्रत्येक सज्ज्यात कुणीतरी उभं. लग्न होऊन गुरियातून आली तेव्हा नाझिब्रोलाने गुडघ्यांत धरून एक बरणी आणली होती, आईच्या विरजणाची. नवरा गेला, मुलगा रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात लागला, विरजण राहिलं. दही विकताना ती "मत्सोनीऽ" अशी हाक द्यायची, दह्याचं तिकडचं नाव, आणि ती ऐकून अर्धी गल्ली उठायची. खाजगी विक्रीला बंदी आहे असं बजावायला एकदा मिलिशियाचा, म्हणजे पोलिसांचा, माणूस आला होता. तेव्हापासून तो रोज एक बरणी न्यायचा.

अंगणात बहुतेक घरी तिच्याच विरजणाचं दही लागायचं, आणि त्यावरून मान ठरायचा. ज्या बाईने विरजण दिलं ती पंगतीत वर, जिने घेतलं ती खाली. संत गिऑर्गीच्या सणाला, नोव्हेंबरात, सगळं अंगण बेसारिओनच्या मोठ्या खोलीत जेवायचं. चीज भरलेल्या रोटीची, खाचापुरीची, कणीक नाझिब्रोलाच्या दह्यात भिजायची आणि स्वयंपाकघरासाठीचा पहिला प्याला तिच्या नावाने उचलला जायचा. दुसरा त्सियालाच्या नावाने. समोरच्या सज्ज्यातल्या या त्सियालाला दही लावायला नाझिब्रोलानेच शिकवलं होतं. आता स्वतःचं विरजण मेलं, तर त्सियालाकडेच मागावं लागणार. म्हणजे आई मुलीची मुलगी होणार. हे नाझिब्रोलाला सहन होण्यासारखं नव्हतं.

तिने दुसऱ्या दिवशी दुप्पट विरजण घातलं. दूध आणखी पातळ राहिलं. वरच्या मजल्यावरून वाटीभर उसनं आणलं, ते घातलं. चौथ्या दिवशी वरच्या मजल्याचंही दही बसेना. आठवड्याभरात नळापाशी जमलेल्या बायकांत एकच विषय होता, आणि त्या विषयाचा आरोपीही ठरला होता.

एल्गुजा सप्टेंबरात नाझिब्रोलाच्या स्वयंपाकघरावरच्या खोलीत राहायला आला होता. नदीकाठच्या संस्थेत तो विषाणू वाढवायचा. जंतूंना मारणारे विषाणू. इतकं पुरेसं होतं.

बेसारिओनने बैठक बोलावली. तो सगळ्या मेजवान्यांचा प्रमुख होता आणि प्याल्याशिवाय कुठलीच बैठक चालवू शकत नव्हता, त्यामुळे सुनावणीही तशीच चालली. पहिला प्याला शांततेचा. दुसरा अंगणाचा. तिसरा आरोपीच्या दिवंगत आईवडिलांचा असणार होता. पण ज्याच्या मेलेल्या आईबापांसाठी प्याला उचलला त्याला शिक्षा देता येत नाही, म्हणून निकाल घाईघाईने दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे लागला. एल्गुजाने मागच्या दाराने यावं, कोट उलटा घालावा, धुणं रस्त्याच्या बाजूला वाळत घालावं आणि दूध उकळत असताना शिंकू नये.

"शिंक आलीच तर?" एल्गुजाने विचारलं.

"नदीवर जा," बेसारिओन म्हणाला. "आता उठा सगळे. एल्गुजाच्या आईसाठी!"

एल्गुजाने सगळं पाळलं. संध्याकाळी तो उलट्या कोटात मागच्या दाराने येई, आणि त्याच दारात दोनतीन बायका पोरांच्या हगवणीसाठी त्याच्याकडून विषाणूंच्या कुप्या मागत उभ्या असत. त्या तो देई. दही मात्र बसत नव्हतं ते नव्हतंच.

शेवटी नाझिब्रोलाच वर गेली. हातात न विरजलेल्या दुधाची बरणी होती.

"एल्गुजा, खरं सांग. तुझे ते प्राणी माझ्या पातेल्यात कसे आले?"

"माझे नाहीत ते, नाझिब्रोलाताई. माझे हगवणीच्या जंतूंवर बसतात. तुमच्या दह्याच्या जंतूंकडे ते ढुंकूनही बघत नाहीत."

"का? काय वाईट आहे माझ्या दह्यात?"

एल्गुजाने तिला खुर्ची दिली. "वाईट काही नाही. प्रत्येकाचं घर ठरलेलं असतं. तुमच्या दह्यावर बसणारा वेगळा. कुठल्यातरी दुधातून आला असेल."

"आला तर आला. पाहुणा किती खाणार?"

"तो खात नाही. जंतूच्या अंगावर येऊन टेकतो. कवच बाहेरच ठेवतो, आत नुसता एक धागा सोडतो."

"म्हणजे बूट दाराबाहेर काढतो," नाझिब्रोला म्हणाली. "मग सभ्य आहे."

"त्या धाग्यात हुकूम असतो. जंतू स्वतःची कामं सोडतो आणि पाहुण्याचीच करत बसतो. डोकी वेगळी बनवतो, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे. मग सगळं जोडून पाहुण्यासारखेच पाहुणे. शंभरेक."

"किती वेळात?"

"अर्धापाऊण तास."

"माझ्या नणंदेची माणसं झेस्तापोनीहून आली होती, त्यांना दोन आठवडे लागले." तिने बरणी मांडीवर फिरवली. "मग?"

"मग भिंत फोडून सगळे बाहेर. जंतू संपला. शंभर नवे, शंभर शेजाऱ्यांकडे."

"निरोप न घेता?"

"न घेता."

"मग रानटीच की," नाझिब्रोलाने निकाल दिला. "पण मी दूध खळखळून उकळते. उकळत्या दुधात कोण जगतं?"

"दुधात नाही. विरजणात. तुम्ही दुप्पट विरजण घातलंत म्हणजे दुप्पट पाहुणे घातलेत. ते अंगणभर कसे गेले, एवढंच मला कळत नाहीये."

ते तिला कळलं. एल्गुजा बाहेरचा होता, त्याला ठाऊक नसणार. नाझिब्रोला रोज घरोघर वाटीभर काही ना काही पाठवायची, आणि वाटी रिकामी परत करायची नाही ही अंगणाची रीत होती. ज्याच्या घरी जे असेल ते चमचाभर घालायचं, म्हणजे बहुतेक वेळा दहीच. तो चमचा नाझिब्रोला पातेल्यात उलटा करायची; दुसऱ्याची चव आपल्यात मिसळली पाहिजे. गेले दोन आठवडे सगळं अंगण शिष्टाचाराने एकमेकांना विषाणू पाठवत होतं.

"सगळ्यांचं दही गेलं?" एल्गुजाने विचारलं.

"त्सियालाचं नाही गेलं. भिंतीसारखं घट्ट बसतं."

"तिच्याकडे वाटी जात नाही?"

"जाते. पण रिकामी परत येते. आणि कुणाचं काही ती आपल्या पातेल्यात घालतही नाही. आधीपासूनच उद्धट आहे ती."

"मग प्रश्नच मिटला, ताई. त्सियालाचं विरजण म्हणजे तुमचंच. पातेलं उकळा, तिच्याकडून चमचाभर आणा, संध्याकाळी दही."

नाझिब्रोला उभी राहिली. "तुला आई आहे का रे?"

"आपण तिच्यासाठी प्यालो ना परवा."

"मग असं बोलू नकोस."

एल्गुजाने बरणी ठेवून घेतली. चार दिवसांनी उलट्या कोटाच्या आत लपवून त्याने एक चपटी काचेची बशी आणली. आत काचेवर श्वास सोडल्यासारखा धूसर थर होता. ते तिच्या दह्याचे जंतू, तो म्हणाला. थरात जागोजागी स्वच्छ भोकं पडली होती. प्रत्येक भोकाच्या जागी आधी एकच विषाणू उतरला होता. आता तिथे लाखो विषाणू होते आणि एकही जंतू नव्हता. नाझिब्रोलाने चष्मा लावला. आपलं गुरियातून आणलेलं घर असं चाळणी झालेलं ती एकेका भोकावर बोट ठेवून पाहत गेली. एका भोकावर बोट थांबलं.

"हा कोण?"

भोकाच्या मधोमध एक ठिपका होता.

"हा उरलेला. ह्याच्यावर पाहुण्याला टेकता येत नाही. दाराची कडीच बदललीय म्हणा ना."

"म्हणजे हा दार उघडत नाही."

"नाही."

"उद्धट," नाझिब्रोला म्हणाली. आणि मग, "तोच दे मला."

सण एका दिवसावर आला होता. एल्गुजाने सुईच्या टोकाने ठिपका उचलून उकळलेल्या दुधात सोडला, तो रात्रभर उबेत वाढला. दुसऱ्या दिवशी नाझिब्रोलाने पातेलं, चमचे, फडकी, सगळं उकळलं, आणि विरजण लावून पातेल्यावर गोधडी घातली. एरवी दुपारपर्यंत बसणारं दही संध्याकाळ झाली तरी हलत होतं. नळापाशी बायका थांबल्या होत्या. बेसारिओन कणकेचं पीठ घेऊन बसला होता आणि प्रत्येक तासाला विचारत होता, त्सियालाला सांगू का. काळोख पडता पडता नाझिब्रोलाने पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही.

रात्री खाचापुऱ्या झाल्या. दही जुन्यापेक्षा जरा सौम्य होतं, ते कणकेत कुणाला कळलं नाही. पहिला प्याला तिच्या नावाने उचलला गेला. त्यानंतर एल्गुजाला कोट सुलटा घालायची परवानगी मिळाली, त्याच्या आईसाठी पुन्हा एकदा प्याला झाला, आणि नाझिब्रोलाने उभं राहून सांगितलं, उद्यापासून वाट्या रिकाम्या परत करायच्या.

हलकल्लोळ झाला. "बाई, आम्ही काय रस्त्यावरचे आहोत?" वरच्या मजल्यावरची म्हणाली. बेसारिओनने तीन प्याल्यांनंतर तोड काढली: दही सोडून काहीही घालावं. सकाळी नाझिब्रोलाच्या ओट्यावर वाट्या आल्या त्यांत एक अंडं होतं, अक्रोड होते, मूठभर कोथिंबीर होती, एकीत बटण होतं.

शेवटची वाटी त्सियालाने स्वतः आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भरलेली होती. आत चमचाभर दही होतं.

"काल सगळे म्हणाले, मी एकटीच रिकामी देते. पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही," त्सियाला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "म्हटलं, आता तरी."

नाझिब्रोलाने वाटीकडे पाहिलं, मग मागच्या पातेल्याकडे. परत करता येत नव्हतं आणि पातेल्यात घालता येत नव्हतं. तिने दारातच उभ्या उभ्या बोटाने सगळं दही खाल्लं, वाटी पुसून चाटली. चव गुरियाच्या बरणीची होती, जशीच्या तशी.

"जरा आंबट झालंय," ती म्हणाली, आणि वाटी उकळत्या पाण्यात टाकली.