बाईंनी बदललेलं नाव

बाई गेल्याचं विकासनं फोन करून सांगितलं. विकास माझा मुलगा, डोंबिवलीला राहतो. दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीत मी दुपारचा पडलेलो. नळाला पाणी नव्हतं, बिल्डिंग गप्प होती. वाटलं, झोपेतच ऐकलं… अजूनही कधी कधी तसंच वाटतं.

सुलभाबाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. शहरात चोरी झाली की ठराविक जातींवरच संशय का जातो, यावर त्या पुस्तक लिहीत होत्या. आमच्या जमातीवर इंग्रजांनी चोर म्हणून शिक्का मारलेला. कायदा गेला, शिक्का राहिला. त्यासाठी बाई माझ्याशी बोलायला पहिल्यांदा आल्या त्याच दिवशी वरच्या माळ्यावरचा मोबाईल चोरीला गेला आणि शेजारी सरळ माझ्या दारात येऊन उभे राहिले. बाई मला म्हणाल्या, "काका, जिथं भाडेकरू सारखे बदलतात, कुणी कुणाला ओळखत नाही, तिथं चोऱ्या होतात. मग राहणारे कुठल्याही जातीचे असोत."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

बाईंनी खरंच सांगितलं. दारातच अख्खं लेक्चर दिलं. शेजारी मोबाईलचं विसरून पळाले.

मग त्या येत राहिल्या, खिडकीशी बसायच्या. खाडीकडचं पांढरं ऊन आत यायचं, त्यात चेहरा नीट दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा… मी दोन यत्ता शिकलेला माणूस, पण माझं बोलणं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

छापायच्या आधी त्यांनी वाचून दाखवलं. सगळं माझंच, पण शंकरच्या नावावर.

"हा शंकर कोण?"

"तुम्हीच. आमच्या संशोधनात माणसांची नावं बदलायची पद्धत आहे. तुम्हाला त्रास नको."

"नाव चोरानं बदलावं, बाई. मी का बदलू?"

विकास त्या दिवशी आलेला. त्यानं मान खाली घातली. भाड्यानं घर मिळेना म्हणून त्यानं आडनाव बदललेलं. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं नाव छापलं तर यांचंही उघडं पडेल."

"पडू दे."

बाई ऐकल्या नाहीत. पुस्तकात शंकरच छापला. मी ते पुस्तक घरात घेतलं नाही आणि विकासशी बोलणं टाकलं. बाई मात्र येत राहिल्या.

वर्तकनगरला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बोलणं नव्हतं तरी विकासच मला घेऊन गेला. बाईंच्या एका विद्यार्थिनीनं शंकरचं पान वाचलं. मोबाईलचं ऐकून लोक हसले. माझंच बोलणं, परक्या नावानं, भरल्या हॉलमध्ये… डोळे मिटले तर बाईच वाचतायत असं वाटलं. उठून सांगावं म्हणून खुर्चीचा हात धरला.

शेजारी विकास उभा राहिला. "शंकर म्हणजे हे. माझे वडील, रामा." आणि त्यानं आमचं आडनाव सांगितलं. जुनं.

आता रविवारी तो येतो आणि तेच पुस्तक वाचून दाखवतो. शंकर आला की तिथं मुद्दाम रामा म्हणतो. मी त्याला टोकतो.

"शंकरच वाच रे. बाईंनी लिहिलंय तसं वाच."