घागरभर पाण्याची फी

नातीच्या केसांना एरंडेल लावताना त्या वासासरशी पोलादपूरची आमची भातगिरणी आठवली.

आंबेनळी घाट चढण्याआधी ट्रक इंजिनात पाणी घालायला आमच्या दारात थांबत. आमचे हे घागर धरून अडून बसत, "आधी कुठं काय नवीन बघितलं ते सांगा, मग पाणी." नदीवरून ते पाणी आणायची मी, त्यामुळं माझा जळफळाट व्हायचा.

ऐन सुगीत गिरणीचा चामडी पट्टा घसरायला लागला. महाडच्या एका ड्रायव्हरचाचांनी वाईच्या गिरणीत बघितलेलं सांगितलं, "एरंडेल लाव भाऊ, चामडं मऊ होऊन चाकाला धरतं, पट्टा सुटायचा नाय."

लावलं, आणि गिरणी धडधडू लागली. हे आनंदानं ओरडले, "अगो, चाचांना आणखी एक घागर आण!"

आमच्या गावात यांना शिकवणारं कॉलेज नव्हतं. यांनी ते घाटाच्या तोंडाशीच उघडलं, आणि त्याची फी माझ्या डोक्यावरून यायची.