गुलाबभाऊंचा काळा पाक

गुलाबभाऊ टेंभुर्णे यांच्या घरचा चहा मी दोन वर्षांपासून घेत नाही. कुरखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यांची बायको बायनाबाई माझी जिवाभावाची, तरी नाही. तिला मी पित्ताचं कारण सांगते. खरं कारण गुलाबभाऊंच्या नखांत आहे.

हा माणूस आधी असा नव्हता. मोहाचा पाक करावा तर गुलाबभाऊंनीच, असं अख्खा तालुका म्हणायचा. फुलं निवडायची, एकेका फुलातलं केसर काढायचं, रस जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि लोखंडी कढईत मंद जाळावर आटवत बसायचं. घाई केली की करपतो. आमच्याकडे बाळंतिणीला भाकरीसोबत हाच पाक देतात, दूध उतरतं म्हणतात. पाक न्यायला आलेल्याला गुलाबभाऊ काचेच्या पेल्यात तो ओतून द्यायचे आणि पेला उन्हात धरायला लावायचे. "आरपार सूर्य दिसला त पाहुण्याले द्या, बाळंतिणीले नोको," असं त्यांचं सांगणं होतं. धानोऱ्यापर्यंतच्या बायकांना ही परीक्षा पाठ झाली होती.

मग गावाबाहेर पाक बाटलीत भरायचा कारखाना निघाला. कारखाना कसला, पत्र्याची शेड. मालक बाहेरगावचा आणि तोंडाचा गोड. त्याने गुलाबभाऊंना कारागीर म्हणून नेलं, फेटा बांधून त्यांचा फोटो काढला आणि बाटलीवर छापला. फोटोखाली ती उन्हात धरायची परीक्षाही छापली. पहिल्या हंगामात बाटलीत पाकच होता. दुसऱ्या हंगामापासून साखरेचं पाणी, लिक्विड ग्लुकोज, वासापुरता मोहाचा रस आणि शेवटी कॅनमधला कॅरॅमल रंग. शेडमधले लोक त्याला नुसतं 'काळं' म्हणतात.

मी एकदा बायनाबाईने दिलेला डबा पोचवायला तिथे गेले होते. गुलाबभाऊ कॅन तिरपा करून मगात काळं ओतत होते. ते डांबरासारखं संथ येत होतं, आणि त्याचा वास जळक्या साखरेचा, वर काहीतरी उग्र, नाकात चढणारं. टाकीतल्या फिक्कट पाण्यात त्यांनी मग उपडा केला, दांडीने ढवळलं आणि बघता बघता अख्खी टाकी आमच्या बाळंतिणींचा पाक झाली. त्यांच्या मनगटावर एक ओघळ आला, तो त्यांनी चाटून घेतला. मला शिसारी आली. डबा पायरीवर ठेवून मी तशीच परत फिरले.

मालक म्हणायचा, रंग सरकारमान्य आहे, थंड पेयात असतो, बिस्किटात असतो, बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलाही आहे. असेल. विष आहे असं मी कधी म्हटलं नाही. साखरच ती, रसायनं घालून करपवलेली. पण थंड पेय विकणारा ते बाळंतिणीच्या दुधासाठी म्हणून विकत नाही. हे मी गुलाबभाऊंना तोंडावर ऐकवलं. ते हसले आणि रंगच तर आहे म्हणाले. मग हळूच सांगितलं की अहेरीच्या बाजारात लोक आता त्यांना चेहऱ्यावरून ओळखतात. आग लागो त्या चेहऱ्याला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

या उन्हाळ्यात त्यांची सून रिना बाळंतपणाला सासरीच राहिली. बाळ अशक्त, दूध पुरेना. बायनाबाईचा जीव टांगणीला लागला. तेव्हा गुलाबभाऊंनी कामावर दांडी मारली, माळ्यावरची कढई काढली आणि अंगणात चूल मांडली. फुलं ताजी होती, जाळ मंद होता, पाक तांबूस उतरला; वाळल्या फुलांचा काळा होतो, ताज्यांचा दाट झाला तरी तांबूसच राहतो. वास भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरात आला आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं. मी लगेच तिकडे गेले.

नेमकी त्याच सकाळी रिनाची आई शकुबाई धानोऱ्याहून आली होती. येताना तिने पाकाच्या बाटल्या आणल्या होत्या, इवायाचा, म्हणजे व्याह्याचा, फोटो असलेल्या. फोटो सगळ्यांना दिसेल अशा तिने त्या मांडून ठेवल्या. रिनाने एका पेल्यात सासऱ्याचा पाक घेतला, दुसऱ्यात बाटलीतला, आणि दारात जाऊन दोन्ही पेले उन्हात धरले. एकातून सूर्य लालसर दिसला. दुसरा ठार काळा.

"मामाजी, हा कच्चा हाय," ती म्हणाली. "बाटलीतला बरा हाय."

गुलाबभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"तो पाक नोको खाऊ, रिना," ते म्हणाले. "साखरेचं पाणी हाय ते. काळं मीच टाकतो त्यात."

शकुबाईला हसू आलं. इवाई फार साधे, आपल्याच मालाला नावं ठेवतात, असं ती बायनाबाईला सांगू लागली. आपल्या माहेरच्या बायका हाच पाक खातात, असंही सांगितलं. गुलाबभाऊंनी पुन्हा समजावलं, आवाज चढवला, शेवटी हातच जोडले. रिनाने शांतपणे बाटली फिरवून त्यांना त्यांचाच फोटो दाखवला.

"तुम्हीच त सांगतलं ना मामाजी, सूर्य दिसला त बाळंतिणीले नोको."

रिनाने भाकरीचा तुकडा त्या काळ्यात बुडवला आणि खाल्ला, ओठाला लागलेलं जिभेने पुसून घेतलं. मीही बोलले, सगळं सांगितलं, पण शेजारणीचं कोण ऐकतो. बाळ पाळण्यात किरकिरत होतं.

दुपारी गुलाबभाऊ ओट्यावर एकटेच बसले होते. तांबूस पाकाची वाटी मांडीवर होती आणि ते बोटाने चाटत होते. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तसं त्यांनी वाटीतून चमचा भरला आणि कुंपणावरून पुढे केला.

"बाई, तुम्ही तरी चाखा. हा खरा हाय."

तो खराच होता. असा पाक तालुक्यात दुसरा कोणाला जमत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्या घरात आज त्याला माझ्याशिवाय कोणी खरं म्हणणारं नव्हतं. मी हात पुढे केलाही. पण चमचा धरलेल्या बोटांची नखं शेडमधल्या काळ्याने मुळापर्यंत तपकिरी होती, नुकतीच चाटलेली, ओली.

"मले पित्त होते, भाऊ," मी म्हटलं आणि ओले कपडे तसेच ठेवून घरात गेले.