मेण थंड व्हायच्या आत

माझ्या मुलीचा डावा हात बांधायला आमच्या घरात एक रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की तिचे पप्पा तिचं डावं मनगट त्या रुमालानं खुर्चीला बांधायचे आणि पेन्सिल उजव्या हातात द्यायचे. मारत नसत, ओरडत नसत. गाठही सैल असायची. पण मला त्या गाठीचा भयंकर राग यायचा.

"दुसरीतली पोर. लिहू दे की तिच्या हातानं," मी म्हणायचे. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत होते. जबरदस्तीनं हात बदललेली मुलं वर्गात कशी गप्प होतात, ते मी रोज बघत होते.

"मास्तरकी शाळेत कर," ते म्हणायचे. "वाडीतला विळा बघ. एका अंगानं धार, ती उजव्या हाताची. देवळात क्रूसाची खूण उजव्या हातानं. पुढच्या वर्षी पोरीचं पहिलं कम्युनियन, सगळ्यांसमोर फादरांकडून पहिला प्रसाद घ्यायचा. सगळा गाव हसेल तिला."

गिरीज गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. मी जायचे, आणि हात हलवत परत यायचे.

बाटिकची तेव्हा भारी टूम होती. शिकलेल्या घरात भिंतीवर बाटिकचा गणपती नाहीतर नाचणारी बाई असायचीच. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई राजोडीला राहत. एका रविवारी त्यांनी आम्हाला सहकुटुंब बाटिक करायला बोलावलं. एका रविवारी केळी काही मरत नाहीत, असं म्हणून मी नवऱ्याला तयार केलं.

"येतो. पण हात उजवाच," ते म्हणाले आणि रुमाल शर्टाच्या खिशात टाकला.

मी बघितलं. आज तो रुमाल बांधू द्यायचा नाही, मग चारचौघांत तमाशा झाला तरी बेहत्तर, असं मी मनाशी पक्कं केलं. देवळातली मिसेची प्रार्थना झाल्यावर पोरगी सायकलच्या दांडीवर, मी कॅरिअरवर, अशी आमची वरात राजोडीला निघाली.

बाईंच्या अंगणात सुरूच्या झाडांखाली स्टोव्हवर मेण वितळत होतं. जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा लाकडी चौकटीवर ताणलेला. जिथं मेण लागेल तिथं रंग चढत नाही, तेवढा भाग पांढरा राहतो, हे बाईंनी समजावलं. "पण मेण गरम असतानाच फिरवायचं हं. थांबलात की ब्रशवरच गोठतं. कापडात मुरत नाही."

पोरीनं केळीची पानं काढायची ठरवली. पप्पांकडे बघत तिनं ब्रश उजव्या हातात धरला. मेणात बुडवला, नेम धरला, आणि नेम धरेपर्यंत मेण गोठलं. दुसऱ्यांदा भलतीकडेच थेंब पडले. तिसऱ्यांदा पानाच्या जागी एक गोळा झाला. डावा हात आपोआप पुढे आला.

"बाय, उजवा," पप्पा म्हणाले.

ती रडायला लागली. मी उठलेच. पण माझ्याआधी तेच वैतागून पुढे झाले. "अगं, इतकं काय अवघड हाय? असं. झटकन!" त्यांनी तिच्या हातातून ब्रश घेतला, मेणात बुडवला आणि एका दमात देठापासून टोकापर्यंत पान ओढलं. वाडीतल्या केळीचंच पान जणू. बाईंच्या तोंडून "वा!" निघालं.

पोरगी रडायची थांबली. "पप्पा," ती म्हणाली, "तुमचा हात चुकला."

ब्रश त्यांच्या डाव्या हातात होता.

लग्नाला दहा वर्षं झाली होती. या हातात मी कधी चमचासुद्धा बघितला नव्हता. ते हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. मग खाली बसले. "आमच्या बापानं डावा हात काठीनं सोडवला," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो हिसकावायला मी पुढे झाले. त्यांनी पोरीचे डोळे पुसले, नाक पुसलं, आणि ब्रश तिच्या डाव्या हातात दिला. "मेण थंड व्हायच्या आत," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून अख्खं कापड भरलं. निळ्या रंगात बुडवून, वाळवून, जुन्या वर्तमानपत्रांमध्ये ठेवून इस्त्री फिरवली तेव्हा मेण कागदानं ओढून घेतलं आणि पांढरी पानं वर आली. मधला तो गोळाही आला. तो राहू द्या, असं पोरीनं बजावलं.

पुढच्या आठवड्यात ते लोहाराकडे गेले आणि उलट्या धारेचा विळा घडवायला सांगितला. लोहार हसला. "पोरगी डावरी ना तुमची? तिच्यासाठी आत्तापासून?"

"नाय," ते म्हणाले, "माझ्यासाठी."