कोऱ्या चौकोनावर चढवलेला गिलावा

आधी बाईंचं सांगतो, मग भिंतीचं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका, आमच्या साइटवर फणसाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. ही वास्तू बांधणाऱ्या समितीतल्या त्या एक. नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसतं बाई. त्या मध्ये पडल्या नसत्या तर रविवारी दुपारी मी थापी पिशवीत घालून चालता झालो असतो.

मी हिंगोलीकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, गणिताच्या मास्तरांना घाबरून. आता चंदनसारला खोली घेऊन राहतो, बायको-मुलं गावी. आजवर केल्या त्या सगळ्या बिल्डिंगा एका साच्यातल्या. एक मजला बघितला की बाकीचे डोळे मिटून करावेत. तिथं ड्रॉइंग वाचायची गरजच पडत नाही, आणि आपल्याला ते येत नाही हे कुणाला कळतही नाही.

मग वसईजवळच्या सांडोरचं हे काम लागलं. बेने इस्राएल लोकांची नवी वास्तू. ज्यू म्हणतात त्यांना, पण घरात मराठीच, मूळचे अलिबागेकडचे. वसई-विरारला राहायला आलेल्या त्यांच्या कुटुंबांना मुलांना शिकवायला, सण करायला आणि प्रार्थनेला एक जागा हवी होती. मी पहिल्या दिवशी साइट फिरलो आणि रात्री बायकोला फोनवर तेच सांगत बसलो. ती म्हणाली, एवढं तर तुम्ही मुलगा झाला तेव्हा पण बोलला नव्हता.

सांगण्यासारखं होतंच तसं. स्वयंपाकघर एक, पण ओटे दोन, सिंक दोन. दुधाचं इकडं, मांसाचं तिकडं, भांडीसुद्धा एकमेकांना लागायची नाहीत. गच्चीच्या एका भागावर छप्परच नाही, नुसत्या तुळया. मला वाटलं सळई कमी पडली. बाई हसल्या. त्यांच्या मांडवांच्या सणाला तुळयांवर झावळ्या टाकून खाली बसून जेवायचं असतं, आणि झावळ्यांतून चांदणी दिसली पाहिजे. वर्गांच्या खिडक्या मुलांच्या उंचीला, बसल्या जागी बाहेरची केळीची बाग दिसावी म्हणून. शुक्रवारी दुपारी चारला काम बंद, ते थेट रविवारी. शनिवारी पाणी मारायलासुद्धा कुणी यायचं नाही. मग आम्ही शुक्रवारीच स्लॅबवर आळी करून पाणी कोंडून ठेवायचो आणि भिंतींवर ओली गोणपाटं लटकवायचो.

पण माझा जीव अडकला होता वरच्या मजल्यावर. प्रार्थनेच्या खोलीची पश्चिमेची भिंत. आपण देवापुढं पूर्वेला तोंड करतो, हे लोक इथून यरुशलेमकडं, म्हणजे पश्चिमेला. ती भिंत होडीच्या कुशीसारखी वळलेली, मधोमध धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचा कोनाडा, आणि दोन्ही बाजूंना चिरीएवढ्या उभ्या खिडक्या. उन्हं कलली की उजेड त्या वळणावरून सरकत जाणार, म्हणजे गिलाव्यात गव्हाएवढा उंचवटा असला तरी सावली पडणार. गोल भिंत मिस्त्र्याच्या वाट्याला येते कधी? पाण्याच्या टाकीला. ही मला हवीच होती.

ठेकेदारानं अट घातली. खालच्या दालनात दारासमोरची भिंत आहे, ती आधी कर. रविवारी आर्किटेक्ट बघतील. त्यांनी पास केली तर वरची तुझी, नाही तर नालासोपाऱ्याहून दुसरा मिस्त्री येतोय.

त्या भिंतीवर गिलाव्याचा पहिला हात माझ्या आधीच्या मिस्त्र्यांनी मारलेला होता. पण मधोमध, दारातून आत येताच डोळ्यांसमोर, हातभर लांब नि हातभर रुंद चौकोन त्यांनी तसाच सोडलेला. विटा उघड्या. आधी वाटलं विजेचं बोर्ड येणार असेल. पण ना पाइप, ना वायर. ड्रॉइंगवर त्या जागी एक चौकट होती आणि बाजूला इंग्रजीत दोन ओळी. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे वाचता येत नाही हे कबूल करायचं, आणि तेही याच आठवड्यात. मी ठरवलं, आधीच्यांनी आळस केलाय.

गुरुवारी चौकोन भरला. शुक्रवारी सगळ्या भिंतीवर शेवटचा हात फिरवला. ओळंबा तीन वेळा सोडला. चारला बॅटरी आडवी धरून बघितलं, भिंतीवर कुठंच सावली नाही. असा गिलावा मी जन्मात केला नव्हता. शनिवारी खोलीवर पडून होतो तर उगाच हसू येत होतं.

रविवारी आर्किटेक्ट आले आणि भिंतीसमोर जागीच थांबले. मला वाटलं, आवडली. मग त्यांनी ठेकेदाराला हळू आवाजात काहीतरी दाखवलं. ठेकेदार वळला.

"भिंत आरशासारखी केलीस रे मिस्त्री. आता त्यात तोंड बघ आणि पिशवी उचल."

बाई फणसाखालून उठून आल्या. भिंत बघून आधी त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग मला जवळ बोलावून शांतपणे सांगितलं. त्यांचं यरुशलेमचं मंदिर फार पूर्वी पाडलं गेलं. त्या दुःखाचा उपास ते दरवर्षी धरतात. दिवसभर काही खायचं नाही आणि तो वालाच्या बिरड्यानं सोडायचा, म्हणून त्याला बिरड्याचा रोजा म्हणतात. नवं घर कितीही देखणं बांधलं तरी हातभर जागा अपुरी ठेवायची, आत येणाऱ्याला मंदिराची आठवण राहावी म्हणून. प्रार्थनेच्या खोलीत तसं करत नाहीत, म्हणून समितीनं ती इथं, दारासमोर ठरवली होती.

बाईंनी ड्रॉइंग माझ्यासमोर धरलं.

"हे वाचता येतं तुम्हाला?"

"नाही, बाई."

"मग इतकी वर्षं काम कसं केलंत?"

"बघून."

ठेकेदार म्हणाला, ऐका, आणि हा गोल भिंत मागतोय. बाई त्याच्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही, पण वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा लावला.

"ज्याला हातभर कच्ची जागा बघवली नाही, तोच माणूस मला वरच्या भिंतीला हवाय. वाचायचं मी शिकवते. त्याला दहा दिवस द्या."

आर्किटेक्ट हसले. त्यांनी मान हलवली तेव्हा ठेकेदारालाही हलवावी लागली.

चौकोन मीच कोरून काढला. बाईंनी दोऱ्याचं एक टोक धरलं, मी खडूनं रेघा मारल्या आणि छिन्नी लावली. धारेवरचा एक टवका जरी उडाला असता तरी अख्खी भिंत पुन्हा करावी लागली असती. आपलाच चांगला गिलावा फोडताना हात आखडतो. शिवाय पक्का बसलेला, सुटता सुटेना. बाई म्हणाल्या, "अहो, देवानं सहा दिवसांत जग केलं, तुम्ही तेवढ्यात चौकोन तरी कराल ना?" मी पण हसलो. संध्याकाळी विटा उघड्या पडल्या, कडा सुरीनं कापल्यासारख्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शाळा. डबा मांडीवर, ड्रॉइंग खुर्चीवर. बाण कशाचा, तुटक रेघ म्हणजे काय, कापून दाखवलेली बाजू कुठली. इंग्रजी शब्द त्या मराठीत लिहून द्यायच्या, दुसऱ्या दिवशी तो कागद लपवून विचारायच्या. चुकलं तर ओरडायच्या नाहीत, नुसतं पेन्सिलीनं टकटक करायच्या. मला ते मास्तरांच्या छडीपेक्षा जास्त लागायचं, आणि तरी सुट्टी कधी होते असं व्हायचं. गच्चीवरच्या तुळया मला आधी कागदावर दिसायला लागल्या, मग मान वर केली की तिथं.

दहाव्या दिवशी ठेकेदारानं पश्चिमेच्या भिंतीचा कागद पसरला आणि म्हणाला, बोल. मी बोललो. वळणाचा मध्य कुठं, कोनाडा किती खोल, खिडकीची चिरी आतून रुंद नि बाहेरून अरुंद का. एका ठिकाणी अडखळलो. त्यानं बाईंकडं बघितलं. त्या केळीकडं बघत होत्या. मग सुचलं. ठेकेदारानं कागदाची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली.

भिंत पुरी झाली. मी गोलाईच्या मापाची फळी कापून घेतली आणि ती फिरवत फिरवत गिलावा ओढला. परवा पाच वाजता आर्किटेक्ट, बाई आणि मी खोलीत उभे होतो. उजेड एका टोकाला शिरला आणि सबंध वळणावरून कोनाड्यापर्यंत न अडखळता गेला. मला ओरडावंसं वाटत होतं.

बाईंना काय द्यावं, कळत नाही. विचारलं तर म्हणतात, आधी इथं मुलं येऊन बसू देत. पण मागे एकदा पेन्शनचे कागद पोचवायला वसईला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा बघितलं. त्यांच्या आतल्या खोलीला ओल आहे, कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढून ठेवलंय. बाई, तुम्ही कितीही नको म्हणा. एक दिवस मी येणार, ती भिंत विटेपर्यंत सोलून नवी करणार, आणि तुमचं कपाट स्वतः जागेवर सरकवून देणार.